पितळेची दोन काडतुसं

१

पाच वर्षं सरकारची रायफल खांद्यावर वागवलेल्या माणसाला स्वतःची पहिली बंदूक घेताना घाम फुटावा, याला काय म्हणावं? साताऱ्याच्या त्या दुकानात सयाजीला फुटला खरा. उंब्रजच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी त्याचा दीड एकर ऊस उभा होता आणि रानडुकरं रोज पहाटे त्यात धुडगूस घालून जात होती. खात होती थोडं, लोळवत होती फार. लढाई संपून तो इटलीहून परत आला, त्याला आठ-नऊ महिने झाले होते. सुटताना मिळालेले पैसे बरेचसे विहिरीनं गिळले. उरल्यासुरल्यात बंदूक बसवायची होती. राखणीचा परवाना मात्र फौजी म्हणून चटकन मिळाला होता.

आणि घाई होती. विजयमालाला, त्याच्या बायकोला, सातवा लागला होता. पहिलं मूल बारा दिवसांचं होऊन गेलं तेव्हा सयाजी समुद्रापार होता. पत्र हातात पडेपर्यंत दोन महिने उलटले होते. तेव्हापासून त्यानं मनाशी धरलं होतं, की पुढचं येईल तेव्हा आपण दारात उभं असायचं आणि घरात कशाची ददात नसायची. या माणसाचं सगळं देवाकडचं मागणं एवढंच होतं.

त्यानं भिंतीवरच्या रायफलीकडे बोट केलं. "ही दावा. हिची सवय हाय मला."

दुकानदार म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला. तो हसला. "सवय फौजेतलीची. त्या मापाची गोळी सरकार खाजगी माणसाला देत नाही. ही निराळी, आणि महाग. शिवाय हिची गोळी डुकरातून आरपार जाऊन पलीकडच्या बांधावरचा माणूस गाठील. उसात पलीकडचं काही दिसतं का?"

"न्हाई."

"मग बाराबोरची एकनळी घ्या. एकच काडतूस बसतं, म्हणून माणूस जपून उडवतो. मोठे छर्रे घाला, तीस पावलांच्या आत येऊ द्या, डुक्कर जागचं हलणार नाही."

पण नवी एकनळीही सयाजीच्या आवाक्याबाहेरची निघाली, आणि लढाईपासून कागदी काडतुसांचा तर दुष्काळच होता. "बंदूक घेणं सोपं," म्हातारा म्हणाला, "पुढं तिला खायला घालताना कळतं." मग त्यानं गल्ल्याखालून एक पोस्टकार्ड काढलं. कवठे महांकाळकडच्या एका धनगर म्हाताऱ्याला आपली एकनळी विकायची होती. "याच्याकडे पितळी नळकांडी आहेत. कागदी काडतूस एकदाच उडतं. पितळी जन्मभर भरत राहा. तुमच्यासारख्याला तेच परवडेल."

सयाजीला ते लगेच पटलं. स्वस्तात मस्त कुणाला नको असतं?

२

मिरजेला गाडी बदलून तो कवठे महांकाळला उतरला. पुढं दोन कोस चालत, बाभळी आणि धोंड्यांचं रान तुडवत तो बिराप्पाच्या घरी पोचला. घर मातीचं, धाब्याचं. म्हातारा दारातच बसला होता. आत त्याची बायको भामाबाई खांबाला टेकून होती.

बंदूक पाहून सयाजी खूश झाला. नळी आतून आरशागत लख्ख, घोडा घट्ट, दस्ता खांद्याला असा बसला जणू त्याच्याच मापानं तासला होता. बरोबर दोन काडतुसं होती, पितळेची, तोंडाशी मेणानं बंद केलेली. मेणावर बारीकसा अंगठा उमटला होता.

"कुणी भरली?"

"थोरल्यानं," बिराप्पा म्हणाला.

"कुठं असतुया?"

म्हाताऱ्यानं नुसता हात वर केला. सयाजीनं पुढं विचारलं नाही. फौजेत राहिलेल्या माणसाला त्या खुणेचा अर्थ सांगावा लागत नाही.

पाणी मागितलं तेव्हा त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. घरातलं प्रत्येक भांडं पालथं होतं. तांब्या पालथा, पाटी पालथी, रांजणही पालथा. दुरडी, मापटं, एवढंच काय कोनाड्यातली पणतीसुद्धा उपडी. भामाबाईनं तांब्या उलटा करून बाहेरच्या घागरीतलं पाणी दिलं आणि त्यानं पिऊन खाली ठेवायच्या आत तो हातातून घेऊन पुन्हा पालथा घातला. या मुलखात धूळ फार, सयाजीनं मनाशी म्हटलं.

किंमत बिराप्पानं इतकी कमी सांगितली की सयाजीलाच लाज वाटली. घासाघीस करायला तोंडच उघडेना.

"फकस्त येक आयीक, गड्या," बिराप्पा म्हणाला. "दोनी काडतुसं येकाच दिशी उडव. येक उडवून येक मागं ठिवू नगं. आन् मोकळी नळकांडी घरात न्हिऊ नगं, गंगंत टाक."

"पितळ गंगंत टाकू? आवं, काय म्हंता!"

बिराप्पानं बंदूक त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर मधोमध जुन्या जखमेची उभी चीर होती, आणि तो अंगठा दस्त्यावरून निघता निघत नव्हता. "शपत घे येकाच दिशी उडवशील म्हून," तो म्हणाला. सयाजीनं घेतली. तेवढ्यात त्याचं काय जात होतं?

३

कचेरीत नोंद करण्यात चार दिवस गेले. नंतरच्या सोमवारी, तांबडं फुटताना, सयाजी बांधावर दबा धरून बसला. डुक्कर निघालं तेव्हा पंचवीस पावलांवर होतं. पहिल्या बारानं ते बसलं, उठायला लागलं, तेव्हा त्यानं दुसरं काडतूस घालून तेही उडवलं. बंदुकीला पुन्हा हात लावावा लागला नाही. धुरात काळ्या लोकरीच्या दोन गोल टिकल्या तरंगत खाली आल्या. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये दडपायला कुणी नमदा, म्हणजे दाबलेली लोकर घालतं, कुणी चिंधी. धनगरानं घोंगडी कातरून घातली होती. सयाजीला त्याचं कौतुकच वाटलं.

शपथेचा निम्मा भाग असा आपसूक पाळला गेला. उरलेला निम्मा त्यानं पाळला नाही. फुकटात आलेलं पितळ नदीत टाकणारा माणूस कृष्णाकाठी अजून जन्मायचा होता.

त्यानं मोकळी नळकांडी माजघरातल्या फळीवर ठेवली आणि आईला, बनुबाईला, म्हणाला, "आये, ही हात लावू नगंस. कवठ्याला न्हिऊन भरून आणायची हायती."

बनुबाईनं ऐकलं आणि तिला जे योग्य वाटलं ते केलं. दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, हे ती सासूकडून शिकली होती आणि तिची सासू तिच्या सासूकडून. कुणाची वाटी ताकासाठी आली तर परत जाताना तिच्यात गुळाचा खडा जायचा, काही नसलं तर चिमूटभर मीठ. तिनं दोन्ही नळकांड्यांत ज्वारीचे दाणे भरले.

सयाजीनं बघितलं आणि तो पोट धरून हसला. "अगं आये, ही काय वाटी हाय व्हय?"

"आसंना का. त्येंचं हाय न्हवं? रिकामं धाडू नये, रं. देणाऱ्याला वाईट वाटतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही जेवून ओसरीवर टेकली होती. आत माजघरात टक्, टक्, टक् असा आवाज येत होता, लाकडावर लाकूड हळूच टेकवावं तसा. सयाजीला वाटलं, विजयमाला काही कुटते आहे. मग त्यानं डोळे उघडले, तर विजयमाला त्याच्या पायांशीच लवंडली होती आणि बनुबाई खांबाला टेकून घोरत होती.

मांजर असेल, म्हणून त्यानं कूस बदलली. संध्याकाळी फळीवर हात गेला तेव्हा दोन्ही नळकांडी जड लागली. मेणानं बंद केलेली, तयार. ज्वारीचा दाणा कुठं नव्हता.

४

सयाजी भोळा नव्हता. त्यानं पहिल्यांदा आपल्यालाच धारेवर धरलं. मुळात चार काडतुसं असतील, आपण दोनच समजलो. पण चार असती तर चार नळकांडी असती. मग गावातल्या कुणी फौजी दोस्तानं गंमत केली असेल. पण दारू कुठली, छर्रे कुठले, आणि तिघं दारात असताना आत शिरला कुठून? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला त्येचं तोंड कुटलं आन् बूड कुटलं ठावं न्हाई."

त्यानं काडतूस उजेडात धरलं. मेणावर मोठा, रुंद अंगठा उमटला होता आणि त्याच्या मधोमध एक उभी रेघ गेली होती.

तो बराच वेळ ती रेघ बघत राहिला. मग शहाण्या माणसानं करावं ते त्यानं केलं: मेणाला चीर पडली असेल असं ठरवून टाकलं. उसातली डुकरं काही थांबणार नव्हती आणि भरलेलं काडतूस बाजारात मिळत नव्हतं. गरज असली की माणूस डोळ्यांवर कातडं ओढून घेतो, आणि वर त्याला व्यवहार म्हणतो.

त्या आठवड्यात घरात उंदीर झाले असं बायका म्हणायला लागल्या. बनुबाईच्या जांभळ्या लुगड्याच्या पदराला रुपयाएवढं गोल भोक पडलं होतं. विजयमाला येणाऱ्या बाळासाठी कुंची शिवत होती, तिच्या आईच्या जुन्या लुगड्याची, पांढरी, पिवळ्या काठाची. पोर जन्मायच्या आधी शिवू नये म्हणून बनुबाई कुरकुरायची, पण विजयमालाला धीर नव्हता. पहिल्याच्या वेळी शिवायचं राहून गेलं होतं, ते तिच्या मनाला लागून होतं. तिनं कुंची पेटीत घडी घालून ठेवली होती आणि कुणाला दाखवत नव्हती.

शुक्रवारी दिवस मावळायला सयाजीनं दुसरं डुक्कर मारलं. एकच बार लागला. धूर विरला तेव्हा त्याच्या पायांशी एक गोल टिकली पडली होती, कडेनं जळलेली. त्यानं ती उचलली. जांभळी होती.

तो धावत घरी आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बनुबाई चुलीपुढे भाकरी उलटता उलटता पडली होती. हाताला अजून पीठ होतं. मयताला अंघोळ घालणारी सुलाबाई, जी गावात बाळंतपणंही करायची, सयाजीला बाजूला घेऊन म्हणाली, "काय चावलंबिवलं न्हाई. पर छातीवर येक डाग हाय, गोल, निळा. आवं, सकाळधरनं धडधाकट व्हती न्हवं?"

सयाजी आईच्या पायांशी बसला आणि मोठ्यानं रडला. लढाईत इतकी माणसं पडताना बघितली, पण तो असा कधी रडला नव्हता. आणि रडता रडता मूठ घट्ट मिटून होता, कारण मुठीत ती टिकली होती.

५

तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी तो बंदूक, भरलेलं एक काडतूस आणि मोकळं एक नळकांडं घेऊन कवठे महांकाळला गेला. पैसेही परत नको होते. फक्त म्हाताऱ्याच्या पायांवर हे ओझं घालायचं होतं.

घराला कडी होती. शेजारची धोंडुबाई मेंढरांना पाला घालत होती. ती म्हणाली, "कुणाला भेटताय? गेली की दोगंबी."

"कुठं?"

"आवं, वारली. येकाच दिशी. दिवाळीम्होरच्या दुसऱ्या सोमवारी, तांबडं फुटताना. म्हातारी आदी, म्हातारा मागनं. मदी येक चिलीम वडायाएवढाबी येळ न्हाई." मग ती जरा थांबून म्हणाली, "बंदूक इकल्याधरनं रोज सांजच्याला न्हाऊन, धुतलेली कापडं घालून निजायची बगा. पोरं समदी आदीच गेल्याली. बरं झालं, संगट गेली."

सयाजीनं बोटांवर दिवस मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. घरापुढच्या धोंड्यावर तो बसून राहिला. म्हातारपण होतं, हिवताप होता, असतो योगायोग, असं तो स्वतःला सांगत होता आणि त्यातलं एकही त्याला पटत नव्हतं. कडी काढून बंदूक आत टाकून द्यावी असं मनात आलं. पण भरलेलं काडतूस असं सोडून जायचं? उद्या कुणा गुराख्याच्या हाती पडलं, त्यानं गंमत म्हणून उडवलं तर? आत कुणाची चिंधी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो सगळं परत घेऊन निघाला.

६

घरी पोचला तो दुसऱ्या दिवशी भर दुपारी. विजयमाला ओसरीवर झोपली होती, एक हात पोटावर. त्यानं बंदूक खुंटीला लावली, मोकळं नळकांडं बिराप्पाच्या घरातल्या भांड्यांसारखं माजघराच्या फळीवर पालथं घातलं आणि भरलेलं काडतूस कमरेला खोचून तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

परत आला तेव्हा आत आवाज येत होता. टक्. टक्. टक्.

माजघराचं दार ओढून घेतलेलं होतं, बोटभर फट होती. सयाजी फटीशी उभा राहिला. आत अंधार. धाब्यातल्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता आणि त्या पट्ट्यात, कोपरापर्यंत, एक हात होता. हातात लाकडी दांडी. तो हात दांडी वर उचलत होता आणि हलकेच खाली टेकवत होता, अजिबात घाई न करता, घरचं काम करावं तसा. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि खाली तीन ठिपके. बोटांना पीठ लागलेलं होतं.

लहानपणी तो त्याच ठिपक्यांवर बोट ठेवून झोपायचा.

"आये," तो म्हणाला.

हात थांबला. मग अंगठा मेणावर टेकला, दाबला गेला, आणि उन्हाच्या पट्ट्यात नुसती धूळ उरली. दार उघडून तो आत गेला तेव्हा फळीवरचं नळकांडं सरळ उभं होतं. भरलेलं.

७

आता काडतुसं दोन होती. सयाजी ती घेऊन गोठ्यामागं गेला. भीती होती, पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट घरात झोपली होती आणि तिला वाचवायचं होतं. त्यानं फौजी डोक्यानं विचार केला. काडतूस कुणाला मारतं? उडालं तरच. दारू काढून टाकली तर ते उडत नाही, मग नुसतं पितळ उरतं. फौजेत न फुटलेला गोळा सापडला की असाच आतून मोकळा करायचे, आणि मोकळा झालेला गोळा लहान पोरानं हाताळला तरी चालायचा. इतकी वर्षं त्याला शिकवलेलं खोटं कसं असेल?

जुनं काडतूस त्यानं आधी घेतलं. चाकूच्या टोकानं मेण उचकटलं. छर्रे तळहातावर ओतले आणि एकेक करून उकिरड्यात फेकले. खाली टिकली होती. ती त्यानं टोकानं अलगद वर काढली.

पांढरी होती, मऊ. एका कडेला पिवळा काठ.

कापड त्यानं ओळखलं. आणि त्यापाठोपाठ असा हर्ष झाला की त्याला रडू फुटलं. वेळेवर उघडलं! उडवलं नाही! त्यानं नळकांडं उपडं केलं, दारूचा शेवटचा कण राखेत झटकला, आत फुंकर मारली, करंगळीनं पुसून काढलं. आत काही म्हणता काही राहू दिलं नाही. मग त्यानं देवाला हात जोडले.

"आवं," ओसरीवरून विजयमालाची हाक आली. "जरा हिकडं या."

ती उठून बसली होती. चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, नुसतं नवल होतं. लुगड्याच्या निऱ्या सैल होऊन मांडीवर आल्या होत्या आणि ती त्या पुन्हा पुन्हा खोचत होती.

"कायतर इचित्र वाटतंय," ती म्हणाली. "हलकं लागतंय."

सुलाबाई आली. तिनं दार लावून घेतलं, आणि सयाजी दाराबाहेर उभा राहिला, जिथं उभं राहायचं त्यानं ठरवलं होतं तिथंच. आतून रडण्याचा आवाज आला नाही, कण्हण्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं सुलाबाई बाहेर आली. रक्ताचा थेंब नाही, पाणी नाही, हात कोरडे. ती त्याच्याकडे बघेना.

"पोट सपाट हाय," ती म्हणाली. "आत काय न्हाईच, बाबा. कवा न्हवतंच जणू. तीस वर्सं ह्ये काम करती, आसं बगितलं न्हाई." आणि पदर डोक्यावर ओढून ती जवळजवळ पळतच गेली.

दुसरं काडतूस त्यानं उघडलं नाही. उडवलंही नाही, पुरलंही नाही, पाण्यात टाकलं नाही. ओल लागली तर काय होईल, ऊन लागलं तर काय होईल, हे सांगणारं कुणी नव्हतं. मेणाखाली विजयमालाच्या लुगड्याचा तुकडा आहे की त्याच्या खाकी सदऱ्याचा, हेही त्यानं कधी शोधलं नाही. पेटीतली कापडं उलगडून बघायचा धीर त्याला झाला नाही. ते काडतूस चिंधीत गुंडाळून त्यानं छातीशी बांधलं, आणि त्या दिवसापासून तो पालथा झोपला नाही की विस्तवाजवळ बसला नाही.

संध्याकाळी तो आत गेला. विजयमाला भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात कुंची पसरलेली होती आणि गोल भोकात तिनं बोट घातलं होतं. तिनं मान वर केली, त्याच्या हातांकडे बघितलं, नखांत बसलेल्या काळ्या दारूकडे.

"मी निजल्यावं तुमी तिकडं काय करत व्हता?" तिनं विचारलं.